दगडावर वसणारे : विज्ञान मंडळाच्या प्रकल्प नोंदी

१२ जून

नववीच्या विज्ञान मंडळाचा यंदाचा विषय ठरला: शाळेच्या आवारातली आणि मुलांच्या घराभोवतीची दगडफुले, म्हणजे शास्त्रात ज्यांना लायकेन म्हणतात ती, बुरशी आणि शैवाल एकत्र राहून झालेली. गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यात पावसाळ्यात यांना तोटा नाही. कुंपणाच्या दगडी गडग्यावर, माडावर, पोफळीवर, देवळाच्या पायरीवर, जिकडेतिकडे आहेत आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही.

नोंदींचा तक्ता इंग्रजीत ठेवावा लागणार, कारण पाचवीपासून मुलांचे सगळे विज्ञान इंग्रजीत चालते. तक्त्यातला पहिलाच रकाना 'कशावर वाढते' हा, आणि त्यात अभ्यासकांचे दोन ठरलेले शब्द आहेत: सॅक्सिकोलस आणि कॉर्टिकोलस. मंडळातली बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. असा शब्द समोर आला की ती तो घोकतात, पेपरात उतरवतात आणि सुट्टी लागली की विसरतात. त्यांना दोष देता येत नाही. शब्द आतून कसा जोडलाय हे कुणी उघडून दाखवले तरच ते दिसणार ना.

सहकाऱ्यांचे म्हणणे पडले की सरळ 'दगडावरचे' आणि 'सालीवरचे' असे लिहा, मुलांना त्रास कशाला. मला ते पटत नाही. सॅक्सिकोलस हा दुर्मीळ शब्द आहे हे खरे, पण त्याचे दोन्ही तुकडे अजिबात दुर्मीळ नाहीत. ते मुलांच्या पुस्तकात आहेत, त्यांच्या गावात आहेत. म्हणून आधी हा एक शब्द नीट शिकवायचा आणि मग भिंग हातात द्यायचे, असे ठरवले आहे.

१७ जून

फळ्यावर शब्द लिहून मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे सॅक्सम: लॅटिनमध्ये दगड, खडक. उजवीकडे कोलेरे हे क्रियापद: राहणे, वस्ती करणे, जमीन कसणे. शेवटचा तुकडा इंग्रजीत विशेषण करणारा प्रत्यय. दगडावर वस्ती करणारे, ते सॅक्सिकोलस.

मग विचारले, यातला कुठला तुकडा आधी कुठे भेटलाय? पहिले उत्तर कोका-कोला, दुसरे सॅक्सोफोन. दोन्ही उत्तरे मन लावून ऐकण्यासारखी आहेत, कारण मुळे शोधताना नुसत्या आवाजावर जायचे नसते हे यातूनच समजावता येते. कोला हे पश्चिम आफ्रिकेतल्या झाडाच्या बीचे नाव, लॅटिनशी त्याचा काही संबंध नाही. सॅक्सोफोनला नाव मिळाले ते अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरावरून, त्याने १८४६ मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. आमच्या वर्गात दोघांच्या घरी बँडवाले आहेत, त्यांनी ही माहिती लगेच वहीत लिहून घेतली.

खरे नातेवाईक त्यानंतर निघू लागले. कॉलनी. कल्चर. ॲग्रिकल्चर, म्हणजे शेत कसणे. एका मुलीने जीवाणूंची कॉलनी आठवली, पुस्तकात चित्र आहे म्हणाली. बरोबर: एका जागी वस्ती करून वाढणारे. ती हे बोलली तेव्हा 'कोल' हा तुकडा तिला कळला आहे याची माझी खात्री पटली.

शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, लॅटिन आतां कोण उलयता?" घरी कुणी बोलत नाही, हे खरे. पण नव्या वनस्पतीला किंवा बुरशीला नाव द्यायचे तर तिचे वर्णन लॅटिनमध्ये लिहिणे २०११ च्या अखेरपर्यंत बंधनकारक होते. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीतले वर्णनही चालते. नावाची ठेवण मात्र अजून लॅटिनच. लायकेनलाही हाच नियम लागू, कारण लायकेनचे नाव हे त्यातल्या बुरशीचे नाव मानतात.

१८ जून

उच्चार. जोर 'सि' वर द्यायचा आणि पुढचा 'को' हलका करायचा, जवळपास 'सॅक्सिकलस' असे ऐकू येते. वर्गात मात्र आम्ही तुकडे दिसावेत म्हणून 'को' मोकळा ठेवूनच बोलणार.

२१ जून

घरून एक काम दिले होते: लॅटिनमधून आलेला शब्द घरातून घेऊन या. मुले गोंधळली, मग सांगितले की वाट पोर्तुगीजची आहे.

आज फळा भरला. चावी: लॅटिन क्लाविस, पोर्तुगीज शाव्ह. शरीरशास्त्रात गळ्याखालच्या, खांद्यापर्यंत जाणाऱ्या आडव्या हाडाला क्लॅव्हिकल म्हणतात, त्याचा अर्थ छोटी चावी. पाव: लॅटिन पानिस. तुरुंग: पोर्तुगीज ट्रोंकु, लॅटिन ट्रुंकुस, म्हणजे खोड, कैद्यांचे पाय अडकवायच्या लाकडी ओंडक्यावरून ते थेट कोठडीचे नाव झाले. झाडाच्या खोडाला इंग्रजीत ट्रंक म्हणतात तोही हाच. पणजीला जाणाऱ्या मुलांनी गावांची नावे आणली: आल्तिनो, फोन्ताइन्यास, कांपाल, मिरामार. उंच, झरा, मैदान, समुद्र, सगळ्यांत लॅटिन आहे. आग्वाद किल्ल्यातले पाणीही एकाने ओळखले. जहाजे तिथे गोडे पाणी भरून घेत, म्हणून ते नाव.

सगळ्यांत मोलाचे मात्र शिरोड्याहून येणाऱ्या मुलाने आणले. त्याच्या आजोबांना पोर्तुगीज येते. त्यांनी सांगितले की नदीतल्या गोट्याला सेइशु म्हणतात. सॅक्समच पोर्तुगीजमध्ये घासून घासून सेइशु झाला. म्हणजे आमच्या दुर्मीळ शब्दाचे पहिले अर्धे अंग फोंडा तालुक्यातल्या एका घरात आजही बोलले जाते. हे मी ठळक अक्षरात भिंतीवर लावले आहे.

२७ जून

पाऊस दुपारी थांबला, म्हणून मुलांना घेऊन मैदानाच्या मागच्या गडग्यापाशी गेले. जुना गडगा, जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर चिरा ठेवलेला, गिलावा नाही. नियम एकच सांगितला: खरवडायचे नाही. दगडावर पापुद्र्यासारखे चिकटून राहणाऱ्या कित्येक जाती वर्षाला एखादा मिलिमीटर वाढतात, कित्येक त्याहून कमी. नखाने उडवलेला तुकडा परत यायला या मुलांचे शाळेतले दिवस पुरायचे नाहीत.

दहापट भिंग घेऊन पालथे होऊन बघितले. चिऱ्याच्या भोकाभोकांच्या पृष्ठभागावर राखाडी डाग. लांबून सगळे एकच वाटतात. जवळून पाहिले की प्रत्येकाला स्वतःची हद्द आहे. दोन डाग जिथे भिडतात तिथे बारीक काळी रेघ, आणि रेघेच्या अलीकडे एक जात तर पलीकडे दुसरी. एका डागाच्या मध्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या वाट्या होत्या. त्या बुरशीच्या, तिथून बीजाणू सुटतात. मुलांना सगळ्यांत आवडला तो फवाऱ्याचा प्रयोग. कोरड्या राहिलेल्या आडोशाच्या चिऱ्यावर पाणी फवारले आणि राखाडी डाग बघता बघता हिरवा झाला. वरचा थर ओला झाला की पारदर्शक होतो आणि खाली लपलेले शैवाल दिसू लागते. बुरशी घर बांधते, शैवाल उजेडावर अन्न करते. लायकेन म्हणजे हे दोन वेगळे जीव, असे स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनरने १८६७ मध्ये सांगितले तेव्हा त्या काळच्या बऱ्याच जाणकारांनी ते मानले नाही.

वरच्या थराचे नाव सांगितले: कॉर्टेक्स. लगेच दोघी म्हणाल्या, मग कॉर्टिकोलस? हो. कॉर्टेक्स म्हणजे साल. झाडाची साल, मेंदूचा बाहेरचा थर, मूत्रपिंडाचा बाहेरचा थर, सगळीकडे तेच. पोर्तुगीजमध्ये बुचाच्या लाकडाला कोर्तीसा म्हणतात, तीही सालच. आणि रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये पेशी पाहिल्या त्या बुचाच्या कापात, हे मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. रकान्यातला दुसरा शब्द मी न शिकवता सुटला. गडग्यापाशी चिखलात बसून झालेला हा तास मला या सत्रातला सर्वांत चांगला वाटतो.

वाढीच्या तीन तऱ्हाही तिथेच दाखवल्या: दगडाला चिकटलेली क्रस्टोज, पानासारखी फोलिओज, झुडपासारखी फ्रुटिकोज. क्रुस्टा, फोलियम, फ्रुटेक्स. ब्रेडची कड क्रस्ट म्हणतात हे एकाने स्वतःहून जोडले.

५ जुलै

तक्ता भरताना भांडण. एका गटाला शाळेच्या जुन्या छपराच्या उतरवून ठेवलेल्या कौलांवर लायकेन सापडले. ते सॅक्सिकोलस म्हणायचे का? "कौल दगड न्हय, टीचर, ती भाजिल्ली माती." दुसरा गट म्हणे, मग सिमेंटची भिंत? अर्धा तास वाद चालला आणि मी तो चालू दिला. शब्दाची हद्द कुठे हा प्रश्न मुलांना पडणे ही फार मोठी गोष्ट आहे. अभ्यासक माणसाने केलेले दगडासारखे पृष्ठभाग, म्हणजे कौल, विटा, काँक्रीट, सहसा दगडातच धरतात. पण खाली नेमका पदार्थ लिहितात. आम्हीही तसेच ठरवले.

यातून आणखी एक शब्द पुढे आला. जुन्या घरांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा असे, गोव्यात तो चुना बऱ्याचदा शिंपले भाजून करत. चुनखडीवर आणि चुन्यावरच रमणाऱ्या लायकेनना कॅल्सिकोलस म्हणतात. कॅल्क्स म्हणजे चुना, त्यावरूनच हम्फ्री डेव्हीने १८०८ मध्ये वेगळ्या केलेल्या धातूचे नाव कॅल्शियम. चुन्यापासून लांब पळणाऱ्या वनस्पतींना कॅल्सिफ्यूज म्हणतात, फ्युजेरे म्हणजे पळणे. केंद्रापासून पळणारे सेंट्रिफ्यूगल बल पुस्तकात आहेच. एक राहणारा, एक पळणारा. चिऱ्यात चुना जवळपास नसतो. त्यामुळे एकाच भिंतीवर चिऱ्याचे पृष्ठ आणि चिऱ्यांमधल्या सांध्यातला चुना यांच्यावर वेगवेगळी वस्ती दिसते का, हे बघायचे काम आता एका गटाने मागून घेतले आहे.

१६ जुलै

पाऊस. बाहेरचे काम बंद. भिंगांना बुरशी येऊ नये म्हणून ती तांदळाच्या डब्यात ठेवली.

२४ जुलै

आज स्वयंपाकघरातले दगडफूल वर्गात आले. शागुतीच्या मसाल्यात ते लागते, त्यामुळे प्रत्येकाच्या घरी पुडी होती. नुसते खाल्ले तर चव अशी नाहीच. तेलात परतले की मग त्याचा मातकट, धुरकट वास सुटतो, हे मुलींना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

एका पुडीतले सगळे कागदावर पसरले. वरून राखाडी, खालून काळे, कडा वळलेल्या. भिंगाखाली खालच्या बाजूला चिकटलेले तपकिरी तुकडे सापडू लागले. एकीने चिमट्याने एक तुकडा सोडवला: झाडाची साल, तिच्यातले धागे स्पष्ट दिसत होते. आणखी एका पुडीत तसेच. मसाल्याच्या दगडफुलाचे शास्त्रीय नाव पार्मोट्रेमा पर्लाटम, ते खडकावर येते तसे झाडावरही येते, आणि बाजारात येणारे पुष्कळसे झाडावरून काढलेले असते. नाव दगडफूल आणि आमच्या तक्त्यात नोंद कॉर्टिकोलस! वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

यातून मी त्यांना जे सांगितले ते इथेही लिहून ठेवते. बोलीतले नाव रूप बघून पडते, किंवा पहिल्यांदा कुणाला कुठे दिसले त्यावरून पडते, आणि ते तसेच राहावे. मसाल्याच्या दुकानात आपण दगडफूलच मागणार. तक्त्यातला शब्द मात्र एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: हे कशावर वाढत होते. त्याला बाकी काही विचारायचे नाही.

३ ऑगस्ट

रविवार, घरी बसून कोलेरेचा अर्थ पुन्हा वाचला. या क्रियापदाचे तीन अर्थ एकत्र नांदतात: जमीन कसणे, तिथे वस्ती करणे, आणि देवाची पूजा करणे. पहिल्यातून कल्चर आणि ॲग्रिकल्चर, दुसऱ्यातून कॉलनी आणि आमचे सगळे 'कोलस', तिसऱ्यातून कल्ट.

बाहेरच्या माणसाला हे तीन अर्थ एका शब्दात कसे मावतात ते समजावून सांगावे लागेल. गोव्यात लागत नाही. आमची गावकरी संस्था म्हणजे तेच. ज्यांच्या पूर्वजांनी रान तोडून गाव वसवला, बांध घालून खारे पाणी अडवले आणि खाजन जमीन लागवडीखाली आणली, तेच गावकार, आणि ग्रामदेवतेच्या देवळात मानही त्यांचाच. वस्ती, शेत आणि देऊळ यांचा हक्क एकाच घराण्याच्या हातात. पोर्तुगीजांनी याला कोमुनिदाद म्हटले आणि १५२६ मध्ये अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने या गावांचे रीतिरिवाज फोराल नावाच्या सनदेत लिहून काढले. उद्या हे वर्गात सांगायचे. ज्या मुलाला गावकरी ठाऊक आहे त्याला कोलेरे तोंडपाठ करावे लागणार नाही.

१९ ऑगस्ट

मुले आता शब्द बांधू लागली आहेत. मी फक्त डावा तुकडा देते, उजवा त्यांच्याकडे आहे. आरेना म्हणजे वाळू: आरेनिकोलस. ओहोटीला वाळूत राहणाऱ्या एका किड्याच्या वंशाचे नावच आरेनिकोला आहे. लिमस म्हणजे चिखल: लिमिकोलस, हे मांडवीच्या काठच्या खारफुटीतल्या जिवांना चपखल बसते. निडस म्हणजे घरटे: निडिकोलस, अंड्यातून बाहेर आल्यावर बराच काळ घरट्यातच राहणारी पिल्ले. लिग्नम म्हणजे लाकूड: लिग्निकोलस, कुजक्या ओंडक्यावरच्या छत्र्या.

एका मुलाने टेग्युला, म्हणजे कौल, शोधून टेग्युलिकोलस केला. बांधणी बिनचूक. तक्त्यात तो घ्यायचा नाही असे ठरले, कारण तक्ता दुसऱ्याला वाचता यावा लागतो. पण भिंतीवर त्याच्या नावाने लागला आहे.

सॅक्समचे इतर नातेवाईकही सापडले. हिवाळ्यात कापलेल्या शेतात काडीवर बसून शेपटी हलवणारा गप्पीदास, त्याचा वंश सॅक्सिकोला. आणि सॅक्सिफ्रागा: दगड फोडणारी. आयुर्वेदात मुतखड्यावर देतात तो पाषाणभेद, हिमालयातली बर्जेनिया, याच सॅक्सिफ्रागाच्या कुळातला. पाषाण आणि भेद, सॅक्सम आणि फ्रांजेरे. संस्कृतात आणि लॅटिनमध्ये एकच नाव पडले हे बघून मला स्वतःला फार आनंद झाला.

चतुर्थीची सुट्टी लागते आहे. सुट्टीत गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायची फळे आणायला रानात गेलात तर फांदीकडेही बघा, एवढे सांगितले.

९ सप्टेंबर

जुन्या गोव्याला सहल. बासिलिका दे बॉम जेझूचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले, १६०५ मध्ये ती पवित्र केली गेली. १९५० च्या दशकात बाहेरचा गिलावा काढून टाकला, तेव्हापासून तिचा चिरा उघडा आहे आणि पावसाचे पाणी सरळ त्यात मुरते. हात न लावता, वाटेवरूनच बघितले. भिंतीवरचा काळपट हिरवा थर बहुतेक ठिकाणी शैवाल आणि सायनोबॅक्टेरियाचा वाटला, लायकेन त्यामानाने कमी. दुर्बिणीतून दोन मुलींना सुकलेल्या कोपऱ्यात राखाडी वर्तुळे दिसली.

तिथेच चिऱ्याचे इंग्रजी नाव सांगितले. फ्रान्सिस बुकॅनन हा स्कॉटिश डॉक्टर १८०० मध्ये मलबारातून जात असताना लोक हा दगड कुदळीने खणून, कापून विटांसारखा वापरताना त्याने पाहिले. जमिनीतून काढताना मऊ, वारा लागला की कठीण. १८०७ मध्ये त्याने त्याला लॅटराइट म्हटले, लॅटिन लाटेर म्हणजे वीट. त्यात लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड भरपूर, म्हणून तांबडा. आमच्या मुलांची घरे, शाळा, गडगे सगळे याचेच. मडकईच्या एका मुलाच्या वडिलांची चिऱ्यांची खाण आहे. "बाबा तर हेंच सांगता, काडटना मोव," तो म्हणाला, आणि बुकॅननचे वाक्य त्याच्या तोंडून सगळ्यांना पटले.

२३ सप्टेंबर

परीक्षा घेतली नाही, वाक्ये लिहायला सांगितली. एकाने लिहिले की आमचे आजोबा सॅक्सिकोलस आहेत, रोज त्याच चिऱ्यावर बसतात. वर्ग हसला, मग त्यांच्यातलीच एक म्हणाली, बसणे वेगळे आणि वस्ती वेगळी, आजोबा जेवायला घरी जातात. मला याहून नेमके सांगता आले नसते.

दुसरा प्रश्न अवघड होता. वाऱ्याने पडलेली आंब्याची फांदी गडग्यावर अडकली आहे, फांदीवर लायकेन. काय लिहायचे? दोघांनी सॅक्सिकोलस लिहिले. बाकीच्यांनी फांदी उचलून खाली चिऱ्यावर काही आहे का पाहिले, नव्हते, आणि कॉर्टिकोलस लिहिले. जिथे सापडले ती जागा शेऱ्याच्या रकान्यात, जिथे वाढले ती जागा पहिल्या रकान्यात. त्या दोघांनी आपली नोंद स्वतःच बदलली.

निबंधात हा शब्द कुठेही टाकू नका, असेही सांगितले. साध्या वाक्यात 'दगडावर वाढणारे' हेच चांगले. तक्त्यात, चिठ्ठीवर, दुसऱ्या अभ्यासकाला कळवताना हा शब्द हवा, कारण तिथे एका शब्दात ओळ वाचते आणि अर्थ हलत नाही.

गडग्याचा भाग पूर्ण. चुना आणि चिरा यांची तुलना करणाऱ्या गटाला कोरडे दिवस हवेत, ते दिवाळीनंतर. पुढच्या आठवड्यात सावईवेऱ्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जायचे, तिथल्या गुळगुळीत सालीवर ग्राफिस हे लायकेन शोधायला. त्याच्या काळ्या रेघा कुणीतरी सालीवर लिहिल्यासारख्या दिसतात. मालकांची परवानगी मिळाली आहे. कोरे तक्ते काढायचे, भिंगे तिघांत एक पुरतील, आणि जळवांसाठी मीठ न्यायचे.